केल्सीची रोपं माझ्या पलंगावर

आई,

केल्सीची रोपं आत आणलीत. खिडक्यांचे कट्टे भरलेत, म्हणून टोमॅटोचे आणि डेल्फिनियमच्या फुलझाडांचे ट्रे माझ्या पलंगावर ठेवलेत. रात्री सगळं गोठणार आहे. खरं सांगू? आधी मुद्दाम बाहेरच ठेवली होती. मरू देत म्हटलं. मग टोमॅटोची पानं गारठून लवलेली दिसली आणि राहवलं नाही.

तुझ्या नव्या नवऱ्याची, डगची मुलगी या घरात येऊन महिना झाला नाही, तर रोज टेबलावर तुमचा दोघींचा नव्या बागेचा नकाशा! तिला विचारतेस, "केल्सी बाळा, गुलाब कुठे शोभेल गं?" आणि मला? "डारिया, ट्रे आत घेतलेस का?"

दक्षिणेच्या भिंतीपाशी बर्फ सगळ्यात आधी वितळतो, हे तुला मीच दाखवलं होतं. आता नकाशात तिथे 'केल्सीची फुलं'. माझं नाव कोबीच्या वाफ्यावरसुद्धा नाही.

झोपायला जागा नाही, म्हणून आजोबांकडे जातेय. उद्या ऊन वर आल्यावरच ट्रे बाहेर काढ, आणि आधी सावलीत ठेव.

त्या भिंतीजवळ मला हातभर जागा सोड. मी तिथे काय लावणार ते कुणी विचारू नका.

डारिया