साबणाची दाढ

२ मार्च, सकाळी
आजपासून नातीची तयारी सुरू. डेंटल कॉलेजचा अर्ज ३० तारखेपर्यंत. पोरगी हुशार आहे, फक्त बोलत नाही. मी चाळीस वर्षं कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काढली. हजारो दात बसवले, तोंड एकाचंही पाहिलं नाही. साचे यायचे, कवळ्या जायच्या. ती तोंडं बघेल. हात बसावा म्हणून तिने रोज साबणाची एक दाढ कोरायची. संकल्प : टोकायचं नाही.

३ मार्च
टोकलं. दोनदाच.

७ मार्च
मीच नातीला दाढ करून दाखवली. कोपरा तुटला. हात थरथरला नाही, साबण ओला होता. सूनबाई म्हणाली, बाबा, अंघोळीला तरी एक वडी ठेवा.

११ मार्च
मी कवळी काढली की नात मान फिरवते. मोठ्यांचा आदर. हल्ली कुठे दिसतो?

१६ मार्च, दुपारी
टेबलावर दाढ! चारही उंचवटे जिथल्या तिथे. नातीला विचारलं तर म्हणाली, जमलीय ना आजोबा, झालं तर मग. आणि खोलीत गेली. हात माझ्यावर गेलाय. दाढ रुमालात बांधून ठेवली. दोन घास जास्त जेवलो.

२२ मार्च
अर्जाबरोबर एक पान लिहून द्यावं लागतं, दंतवैद्य का व्हायचंय. तिला वेळ नाही, म्हणून मीच लिहिलं. शिक्षण सातवी, तरी पाच पानं झाली.

२९ मार्च
पानं दिली. तिने बसून सगळी वाचली. डोळे पुसले. म्हणाली, आजोबा, हा अर्ज तुमचा आहे. मला कुणाच्या तोंडात बघवत नाही हो. जमीन मोजणीच्या कोर्सला तिने जानेवारीतच नाव घातलंय. मग दाढ? ती आईने कोरली. तुम्ही विचारून विचारून जीव खात होता म्हणून.
मी म्हटलं, मला माहीत होतं.

३० मार्च
सूनबाईला विचारलं, कोरायला कुठे शिकलीस? म्हणाली, तुम्ही तिला शिकवत होता तेव्हा मी तिथेच भाजी निवडत होते की. लग्नाआधी तिलाही डॉक्टर व्हायचं होतं म्हणे. एकवीस वर्षं एका घरात आहोत. मी कधी विचारलं नाही.

४ एप्रिल
घरातला साबण संपला. रुमाल सोडला, दाढ बेसिनवर ठेवली. उंचवटे पहिल्याच दिवशी गेले. फेस बरा येतो.
दोनदा हातातून निसटली. साबण ओला होता.