काळ्या कोटाची डावी बाही

तीर्थरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि ताईचा खोकला दोघंही प्रवासातून सुखरूप पोचले असतील असं धरून चालतो. आम्ही सगळे ठीक. म्हणजे ही ठीक आहे, मशीन ठीक आहे, आणि मी गुरुवारपासून उघड्या तोंडाने बसलेला आहे.

गुरुवारी तुम्ही निघालात तेव्हा मी निरोपाचा एक शब्द काढला नाही, याचा राग मानू नका. दुकान म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. तिथे मी मुख्याध्यापकांच्या अंगावरच्या पँटची मागची शिवण आत घेऊन टाचत होतो आणि माझ्या तोंडात सात टाचण्या होत्या. हिने तुम्हाला वाटेत थंडी वाजू नये म्हणून केवढी लगबग केली, ते मी डोळ्यांनी पाहिलं, पण सात टाचण्या तोंडात घेऊन माणूस 'अं' यापलीकडे काही म्हणू शकत नाही. तो 'अं' तुम्ही 'या परत' असा घेतलात. टाचण्या काढेपर्यंत (घाईत एक मुख्याध्यापकांनाच लागली, ते अजून बसण्याआधी खुर्ची चाचपतात) तुमची बस सुटली. मी दोन चौक बसमागे धावलो. ताईने डोळे पुसले, तुम्ही हात हलवलात, आणि 'बायकोचा भाऊ असावा तर असा' असं तुम्ही सगळ्या बसला सांगितल्याचं ताईने फोनवर कळवलं. प्रेम आहेच हो. पण एवढं धावण्याइतकं आहे का, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवू.

पत्राचं कारण तुमचे बचतीचे नियम. गेल्या वर्षी तुम्ही वहीचं पान फाडून मला सहा नियम लिहून दिलेत (नवं पान नाही, ज्याच्या मागे वाण्याची यादी होती ते). मी ते भिंतीवर लावले. माझी गरज तुम्हाला माहीत आहे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा आधी काढायचा, आणि यंदाची थंडी संपायच्या आत काढला नाही तर सुईचं काम विसरा, असं डॉक्टर म्हणाले. हे तुम्हाला आणि ताईलाच सांगितलंय. हिला कळलं तर ही कानातलं मोडून मोकळी होईल, आणि त्या कानांकडे उरलेला जन्म मी नव्या डोळ्यांनी बघू कसा? तेव्हा हिच्या नकळत, थोडं थोडं साठवायचं ठरलं.

नियम पहिला : रोजचा खर्च लिहा. लिहिला. महिनाअखेरीस बेरीज केली आणि मला घाम फुटला. समोरच्या टपरीवर मी महिन्याला एकशे बारा कप चहा पितो! एवढ्या चहात माणूस पोहू शकेल. दाजी, मी स्वतःला साधा, निर्व्यसनी माणूस समजत होतो. चहा बंद केला, घरून थर्मास नेऊ लागलो (घरून दुकानात, म्हणजे अकरा पावलं). टपरीवाल्याला वाटलं मी त्याच्या दुधावर शंका घेतली. त्याने स्वतःच्या दोन पँटी, मेव्हण्याचा सदरा आणि टपरीचा पडदा, सगळं शिवायला पलीकडच्या गल्लीत दिलं. चहात वाचलं त्याच्या दुप्पट शिलाईत गेलं. तेही मी वहीत लिहिलं, कारण नियम म्हणजे नियम.

दुसरा नियम : काही विकत घ्यावंसं वाटलं की तीन दिवस थांबा. मशीनचा पट्टा तुटला. मला नवा घ्यावासा वाटला. मी तीन दिवस थांबलो. ज्या पोराची मुलाखतीची पँट मशीनवर अर्धी होती, तो बिचारा भावाची पँट घालून गेला आणि त्याला नोकरी लागली! आता त्यांच्या अख्ख्या घराचे कपडे भावाच्या शिंप्याकडे जातात. शुभ हात आहे म्हणे त्याचा. मी चाट पडलो. तुमच्या नियमाने कुणाचं भलं झालंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही.

तिसरा नियम मात्र खरा निघाला : आधी बाजूला टाका, मग खर्च करा. दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाची एक नोट मी गल्ल्यात न टाकता एका जागी ठेवू लागलो. जागा कुठली ते विचारू नका. शिंप्यालाच सुचेल अशी जागा. डबा नाही, गादी नाही, जिथे ही झाडते-पुसते तिथलं काही नाही. सात महिने नोटेवर नोट चढली. अधूनमधून जवळून जाताना हात लावायचो की आत कुरकुर वाजायची. त्या आवाजासारखा तंबोरा नाही, दाजी. इकडे डोळ्यांचं व्हायचं ते होत होतं. एका गिऱ्हाइकाच्या काळ्या बंडीला मी निळं बटण लावलं. तो ती फॅशन म्हणून मिरवतो. सुईत दोरा ओवायला वेळ लागला की 'दोराच हल्ली हलका येतो' म्हणून दोऱ्यावर ढकलायचो. ही मुकाट्याने सुई घ्यायची, ओवून परत द्यायची. भोळी आहे.

गेल्या आठवड्यात वहीत हिशेब केला तर रक्कम पुरी झालेली. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी डॉक्टरकडे जायचं नक्की केलं. आणि गुरुवारी ती जागाच घरातून निघून गेली. चोरी नाही, आग नाही, उंदीर नाही. माझ्या डोळ्यांदेखत, दारातून, आनंदाने गेली. मला तोंडातून 'अं' एवढंच म्हणता आलं. तेव्हापासून मी मशीनवर बसतो, पाय हलवतो आणि थोड्या वेळाने लक्षात येतं की सुईखाली कापडच नाही. जग इतकं साधेपणाने माणसाला लुटू शकतं याचा मला जबर धक्का बसला आहे.

असो. गुडघ्याला जपा. ताईला सांगा, खोकला सोडून बाकी सगळं जपून ठेव.

तुमचा,
धावणारा मेव्हणा

ता. क. एक : हिने तुमच्या खांद्यावर टाकला तो काळा कोट. चार वर्षं कुणी न्यायला आलं नाही, खुंटीवर नुसता लोंबतोय, असं म्हणून दिला तो. बसच्या खिडकीतून मला त्याच्या डाव्या बाहीला झोळ दिसला. माझ्या हातचा कोट झोळाने फिरावा हे मला सहन होणार नाही. लगेच पाठवा. शिलाई घेणार नाही.

ता. क. दोन : तोवर इस्त्रीला देऊ नका. धुऊ नका. उन्हात टाकू नका. कुणाला घालायला देऊ नका. आत कुरकुर वाजेल ती खळीची, जुन्या कोटांना असते.

ता. क. तीन : कोटाचा मालक परत आलाय. दारात बसलाय. रडतोय.

ता. क. चार : मालक आलेला नाही. बरं, सांगतो. ती जागा म्हणजे त्या कोटाचं अस्तर. हे आधीच लिहिलं नाही कारण तुमचा सहावा नियम माझ्या समोर भिंतीवर आहे : 'घरात बेवारस सापडलेला पैसा थेट बचतीत टाका.' दाजी, हा बेवारस नाही. हा माझा उजवा डोळा आहे. पाया पडतो, कोट पाठवा.

(पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं आहे, म्हणून खाली दोन ओळी. मुद्दाम बारीक लिहिते आहे.

दाजी, ताईंना नमस्कार. यांची टीप वाकडी पडायला लागली तेव्हाच डोळ्यांचं मला कळलं. अस्तरावरची तर इतकी वाकडी होती की आंधळ्यालाही दिसावी. मी दर महिन्याला उसवून नोटा काढायचे आणि आत मापाचा खाकी कागद भरून परत शिवायचे, म्हणजे यांची कुरकुर चालू राहील. कोटाला वाळवी लागते, बँकेला लागत नाही. पैसे माझ्या खात्यात आहेत, डॉक्टरांकडे भरलेही. त्याच सोमवारी ऑपरेशन आहे. यांना मी 'पँटचं माप घ्यायला बोलावलंय' म्हणून घेऊन जाणार आहे. माझं कानातलं कानातच आहे.

कोट तुमच्याकडेच ठेवा. अस्तर तुम्ही एव्हाना उसवलं असेलच, तेवढं तिकडे शिवून घ्या.

आणि मला गुपचूप काही कळवायचं असेल तर सोमवारच्या आत कळवा. नंतर यांना सगळं दिसायला लागेल.)