टोपी-दुपट्ट्याचा बदला

११ मार्च
कौन्सेलिंगसाठी वाशीमला गेलो. मला गरज नाही. बीपी वाढलं, डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आमच्या मुलीने, रूपालीने परस्पर नंबर लावला. मे महिन्यात तिचं लग्न. मोठेबाबा मांडवात नसले तर बोहल्यावर चढणार नाही म्हणे.

मोठेबाबा म्हणजे माझा सख्खा भाऊ रामकिसन. आसेगावला शेती करतो. त्याचं नाव या डायरीत शेवटचं. यापुढे फक्त ‘तो’.

धम्मदीपा मॅडमना सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्याच्या मुलीचं, वर्षाराणीचं लग्न. सतीश मास्तर माइकवर नावं पुकारत होते, टोपी-दुपट्टा देऊन सत्कार चालू. साडूचा झाला. सरपंचाचा झाला. वऱ्हाडाच्या गाडीच्या ड्रायव्हरचा झाला. भावाचा नाही! आणि टोप्या-दुपट्ट्यांचा गठ्ठा माझ्याच हातात. तो रिकामा होईपर्यंत उभा होतो. तेव्हापासून अबोला. मॅडमनी विचारलं, गठ्ठा तुमच्या हातात दिला कोणी? म्हटलं, त्यानेच. मॅडम नुसतं ‘हं’ म्हणाल्या. मुद्दा त्यांच्या लक्षात आलेला दिसत नाही.

१८ मार्च
मॅडमचा प्रश्न : राग शरीरात कुठे जाणवतो? म्हटलं, आसेगावात. हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

संकल्प : शांत राहायचं. बदला थंड डोक्यानेच घ्यावा लागतो.

संध्याकाळी माझ्या कृषी केंद्रात एका गिऱ्हाइकावर ओरडलो. गिऱ्हाईक आसेगावचं निघालं, माझा इलाज नव्हता.

२५ मार्च
समोर रिकामी खुर्ची. त्यात तो बसलाय असं समजा आणि मनातलं बोला, मॅडम म्हणाल्या. हेच पाहिजे होतं! रिसोडहून येताना एसटीत शिव्यांची उजळणी करूनच आलो होतो. तोंड उघडलं आणि निघालं काय, तर दादा, पाणी घेतलं का. सवय. आपल्याकडे आलेल्याला आधी पाणी विचारतात, मग भांडतात. पुढचं काही आठवेना. डोळ्यांत पाणी आलं. पंख्याची धूळ. मॅडमनी टिश्यू पुढे केला, घेतला नाही. माझ्या शर्टाला बाही आहे.

मॅडम म्हणाल्या, रागाखाली कधी कधी दुःख असतं. पुस्तकी ज्ञान. माझ्या रागाखाली आणखी राग आहे.

८ एप्रिल
प्लॅन सुचला! त्याला लग्नाला बोलवायचं. गठ्ठा त्याच्या हातात द्यायचा. मास्तर तेच, माइक तोच. सगळ्यांची नावं पुकारायची, त्याचं नाही. मॅडमना फक्त बोलावतोय एवढंच सांगितलं. म्हणाल्या, मोठं पाऊल उचललंत. म्हटलं, बघाच तुम्ही.

२ मे
पत्रिका द्यायला स्वतः आसेगावला गेलो. कस्तुराबाई वहिनी म्हणे, काहून इतके वाळले भाऊजी? संशय येऊ नये म्हणून दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तो काठी घेऊन चालतो आता. मला काही वाटलं नाही. रस्ताभर तेच डोळ्यांसमोर होतं, एवढंच.

१४ मे, लग्न
सगळं प्लॅनप्रमाणे. साडू, सरपंच, ड्रायव्हर, बँडवालासुद्धा. दादा काठी बगलेत धरून एकेक टोपी पुढे करत राहिला. गठ्ठा संपला. मी चेहरा बघायला जवळ गेलो.

रडत होता. जिंकलो!

मग त्याने माझा हात धरला. म्हणे, तू पत्रिका पाहुन्यासारकी देऊन गेला, मले वाटलं आता दुपट्टा टाकून मले पाहुना करतं. तीन साल झोप नाही लागली भागवत. पन तू गठ्ठा माह्या हाती देल्ला. मंग समजलं, अजून घरचाच समजतं मले. घरच्याले कायचा दुपट्टा?

खरंच. कायचा दुपट्टा?

पुढचं मला नीट आठवत नाही. रूपाली म्हणते, दादाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला आणि मास्तरांचा माइक चालूच होता. अख्ख्या मांडवाने ऐकलं. मला दादाची फार आठवण येत होती. लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय.

१६ मे
एक गोष्ट आज ध्यानात आली. गठ्ठा कोणी दिला, हे मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. आणि ‘हं’ म्हणाल्या होत्या! म्हणजे त्यांना तेव्हाच कळलं होतं, तरी मला वाशीमच्या चकरा मारायला लावल्या. याचा बदला घेणार. सोडणार नाही.

दादाने त्यांच्यासाठी घरची तूरडाळ बांधून दिली आहे. आधी ती पोचवतो.