बॅलार्ड इस्टेटवरून जाणारे सगळे मार्ग

६ डिसेंबर, शनिवार
ठरलं. या हिवाळ्यात दर रविवारी मुंबई बघायची. लोकलने जायचं, उतरल्यावर पायी. एकटीने. जन्मापासून कर्जतला राहते, आणि मुंबई मला डॉक्टर आणि लग्नाच्या साड्या एवढ्यापुरतीच माहीत आहे. हे बरोबर नाही. फिरून स्वतःचा नकाशा काढणार : पिण्याचं पाणी, बसायची जागा, बरं टॉयलेट, सावलीची बाजू. खोपोलीच्या कारखान्यात मी प्रेशर गेज तपासते. अंदाजाने काही लिहायची मला सवय नाही.

सुरुवात फोर्टपासून. रूपेशचं ऑफिस तिथे आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही. पॉलिटेक्निकला आम्ही एका बेंचवर होतो. घर आमच्याच भिसेगावात. वर्षभरापासून नोकरीसाठी परळला खोली घेऊन राहतो. दिवाळीत म्हणाला होता, रविवारी फोर्ट मोकळा असतो, ये कधीतरी, फिरू. कोणी ये म्हटलं म्हणून मी जात नाही. मी स्वतंत्रपणे जाणार. योगायोगाने भेटला तर भेटला.

७ डिसेंबर, रविवार
निघताना आई म्हणाली, "मुंबयची पोरं रविवारची घरी येतात, तू उलटी कुठं चाललीस गं?" निरीक्षण बरोबर. विषयाशी संबंध नाही.

कर्जतला थंडी, म्हणून स्वेटर घातला. ठाण्याच्या पुढे काढावा लागला, मग दिवसभर हातात. पुढच्या वेळी स्वेटर नको.

फोर्ट, हॉर्निमन सर्कल, बॅलार्ड इस्टेट. तिथलं रूपेशचं ऑफिस बंद होतं. रविवारी बंद असतं हे मला माहीत होतं. इमारत बघायला ऑफिस उघडं लागत नाही. इमारत चांगली आहे. समोरच्या फुटपाथवर सावली आहे, तिचा बराच वेळ अभ्यास केला. वॉचमनने विचारलं, किसका वेट कर रहे हो मॅडम? कुणाचंही नाही, असं सांगितलं. मग आणखी थोडी थांबले.

१४ डिसेंबर, रविवार
मेगाब्लॉक. निम्मा दिवस कल्याणला. कल्याण स्टेशनचा नकाशा काढता आला असता. काढला नाही.
स्वेटर नेला होता.

२१ डिसेंबर, रविवार
आज वेगळा मार्ग. मस्जिद बंदरला उतरून मागच्या गल्ल्यांतून, मग जरा वळून बॅलार्ड इस्टेट. आतापर्यंतचे सगळे मार्ग तिथे मिळतात. शहराची रचनाच तशी आहे.

फुटपाथवर उभं राहून रूपेशला 'फोर्टमध्ये आहे' एवढं टाइप केलं. पाठवलं नाही. रेंज पूर्ण होती. पण कळवून झालेली भेट योगायोगात मोजता येत नाही.

संध्याकाळी घरी आले तर मळ्यात पोपटी झालेली. यंदाची पहिली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. तापमान कुणी मोजत नाही. मडक्यावर पाणी शिंपडतात आणि चुर्र झालं की झाली म्हणतात. माझा वाटा आईने काढून ठेवला होता. दोन अंडी, शेंगा. गार.

रूपेश आला होता म्हणे. धाकटी बहीण जागृती सांगत होती, "रूपेशदादानं विचारलं, संजू कुठंय? मुंबईला गेली म्हटलं तर हसायलाच लागला." या रविवारी त्याचं गावाकडे काही काम असेल. एका रीडिंगवरून निष्कर्ष काढत नाहीत.

२८ डिसेंबर, रविवार
ऑफिसची इमारत अजून बंद. वॉचमनने आज स्वतःहून खुर्ची दिली.

घरी पुन्हा पोपटी, पुन्हा रूपेश येऊन गेलेला. मोरूकाका म्हणाले, "अगं, तो दर रविवारी येतो. आठवड्याचे कपडे आईकडे धुवायला आनतो, नि जाताना डबा नेतो. सगळ्या गावाला म्हाईत हाय." काका ढोबळ बोलतात. तरी पुढच्या रविवारी घरी थांबायचं ठरवलं आहे. विश्रांती म्हणून.

४ जानेवारी, रविवार
थांबले नाही. मी घरी थांबले असते तर त्याच्यासाठी थांबले असं दिसलं असतं.

शिवडीला फ्लेमिंगो बघितले. लांब चिखलात, एका पायावर उभे. कशासाठी थांबलेत ते कळलं नाही. येताना बॅलार्ड इस्टेट. वाटेत नाही, पण आडबाजूलाही म्हणता येणार नाही.

वाट्याला एक अंडं. जागृती म्हणाली, दुसरं रूपेशला दिलं. ती हल्ली 'दादा' गाळते. बोलायला सुटसुटीत पडतं.

११ जानेवारी, रविवार
नकाशा पूर्ण. समाधानकारक. जागृतीने एक प्रत मागितली. "ताई, तुझ्याइतकं नीट कोण करतंय गं!" लॅमिनेट करून दिली. घरात एकाला तरी या कामाची किंमत आहे.

वाट्याला फक्त शेंगा.

आई म्हणाली, "येत्या रविवारी तरी थांब. शेवटची पोपटी हाय, नि रूपेश असतोच मडकं उलटं करायला." नकाशा संपला असल्यामुळे आता थांबायला हरकत नाही. त्याचा वेगळा अर्थ कुणाला काढता येणार नाही.

१८ जानेवारी, रविवार, सकाळ
घरी. निळा कुर्ता घातला आहे. धुराला हा रंग सोयीचा नाही, पण हाताशी हाच होता. रूपेशशी बोलायला विषय तयार आहेत : मडक्याचं तापमान, फोर्टमधली सावली, कपडे परळलाच धुता येतात हा मुद्दा. शेवटचा विनोदाने मांडायचा.
स्वेटर सापडत नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
मडकं मोरूकाकांनी उलटं केलं. रूपेश नव्हता. जागृतीही नव्हती. मी आईला विचारलं, सहज. आई म्हणाली, "दोघं सकाळच्या गाडीनं मुंबयला गेली. तो म्हनला, फोर्ट दाखवतो हिला. त्याच्या आईनं मला विचारलं, मी हो म्हटलं. आता उन्हाळ्यात बोलनी करू. पोरगा चांगला हाय." मग थांबून, "तुला सांगितलं नाय व्हय तिनं?"

कामात असेल, म्हटलं.

जागृतीने फोटो पाठवला. हॉर्निमन सर्कलचा बाक, नकाशात मी खूण केलेला. माझ्या खुणेप्रमाणेच सावली पडली आहे. माझा स्वेटर रूपेशच्या खांद्यावर. मुंबईत तो लागत नाही हे मी तिला सांगायला हवं होतं.

खाली लिहिलंय : ताई, नकाशा एकदम करेक्ट! फक्त बॅलार्ड इस्टेटला काय बघायचं ते कळलं नाही. रूपेश म्हणाला, तिथे तर त्याचं ऑफिस आहे, रविवारी तिथे काहीच नसतं.

दुरुस्तीची नोंद घेतली.

आज वाट्याला तीन अंडी आली. दोन माणसं कमी होती. गरम होती.