तेहतिसावं ‘ये’

५ मे, रविवार

हात उचलायचा नाही. सात दिवस. दुसऱ्यांच्या पोरांवर नाहीच नाही, आणि यशूवर तर अजिबात नाही! लिहून ठेवते, म्हणजे मलाच पळवाट राहणार नाही. मार्चमध्ये तिच्या गालावर उठलेली माझी चार बोटं दोन दिवस गेली नव्हती. शाळेत तिनं सांगितलं, दारावर आपटले. नऊ वर्षांची पोर आईला वाचवायला खोटं बोलली! मी रात्रभर रडले. आणि पुढच्याच आठवड्यात पुन्हा मारलं. जित्याची खोड.

तर कॅम्प. पवनेच्या काठावर तंबू, पोरं बत्तीस, यशू धरून. मी पोहणं शिकवणार. कॅम्प नवाजसरांचा – लोणावळ्याचे, गोड बोलणारे. आम्हा दोघींना त्यांनी घरून, वराळ्याहून गाडीतनं आणलं. धरणाचं पाणी पार खाली गेलंय, बुडालेल्या गावाच्या पायऱ्या उघड्या पडल्यात. तिथंच पोहायचं, उतार चांगला आहे.

स्वयंपाकाला रतनबाई आहेत, जवळच्याच वाडीतल्या. साठी कधीच ओलांडलेली. कामं आटोपून निघताना म्हणाल्या, “जाते गं ताई.” मी म्हटलं, मावशी, जाते काय? येते म्हणावं! तर म्हणाल्या, “आमच्यात न्हाई म्हनत.” आणि चालायला लागल्या. तऱ्हेवाईक बाई. भाकरी मात्र काय करतात!

६ मे, सोमवार

पहिला दिवस झकास. बुडणारा गळ्यात पडला तर काय करायचं, ते आधी शिकवलं. घाबरायचं नाही, त्याला खाली दाबायचं, आपण वर राहायचं. मोठ्या मुलांना जमेना, यशूला पहिल्या झटक्यात जमलं. तिनं मला असं दाबलं की नाकातोंडात पाणी! पोरं खिदळली. मीही हसले. हात शिवशिवला नाही, हे विशेष.

माझी मोजणी जुनीच. शिट्टीच्या दोरीत बत्तीस मणी. पाण्यातून निघताना प्रत्येकानं म्हणायचं, “येते ताई”, “येतो ताई”. मी म्हणणार “ये”, आणि एक मणी सरकवणार. मी तोंड पाण्याकडे करून उभी राहते, पोरं माझ्या मागून पायऱ्या चढतात. त्यामुळे पाण्यावरची नजर हलत नाही. दहा वर्षांत एकदाही चूक नाही.

आज चुकले. बाराच्या सुमारास बत्तीस मणी संपले. समोर पाणी रिकामं, ऊन डोक्यावर. आणि अगदी जवळून आवाज – “येते गं.” मी सवयीनं म्हटलं, “ये.” बोटांत मणीच नव्हता.

वर जाऊन डोकी मोजली. बत्तीस. कुणीतरी दोनदा म्हटलं असेल. पण ‘ताई’ नाही म्हणालं, ‘गं’ म्हणालं. इतकं लाडात कोण आलंय?

७ मे, मंगळवार

इर्शादच्या पोटरीचा लचका तुटलाय. तुटलाय म्हणजे तुटलाय! कमरेएवढ्या पाण्यात उभा होता, गुरासारखा ओरडला. बाहेर ओढला तर पायऱ्यांवर रक्ताचा ओघळ, आणि मांस लोंबतंय. मी टॉवेल आवळून बांधला. दहा वर्षांचा पोरगा, वेदनेनं माझ्याच मनगटाला नखं रुतवून बसला होता. नवाजसर त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले. म्हणे, मोठा मासा असेल. माशाला असे दात असतात का सर? माणसाचे दात होते. लहान. वरच्या ओळीत मधोमध एक फट.

यशूचा पुढचा दात मध्यंतरी पडलाय. नवा अर्धाच आलाय.

तिला तंबूमागं नेलं. दंड आवळला. तू चावलीस? हात वर गेला – गेला! – आणि कसाबसा मी तो झाडावर आपटला. पोर म्हणाली, “मी नाही मम्मी. ती चावली.” कोण ती? “जिला तू काल ये म्हणालीस ती.”

थापा मारते. पण मोजणीचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं. हाताची साल गेलीय, लिहिताना दुखतंय.

८ मे, बुधवार

पोहणं बंद, नुसत्या होड्या. लाइफ जॅकेट, डोक्यावर पिवळ्या टोप्या, सगळं नीट. तरी शिफाची होडी उलटली. वारा नाही, लाट नाही! ही आठवीची उंच पोरगी, पण खाली गेली ती वर येईना. मी उडी मारली. तिची वेणी धरून ओढली, तर पलीकडूनही कुणीतरी ओढत होतं. रस्सीखेचच! मग मला बोटं दिसली. बारकी, पांढरी, फार वेळ पाण्यात राहून सुरकुतलेली. मी टाच मारली. एकदा, दोनदा, पाचदा. हाड मोडल्यासारखं लागलं. बोटं सुटली, पण जाताना केसांचा झुबका मुळासकट घेऊन गेली. शिफाच्या मानेवरून रक्त. टोपीही गेली.

नवाजसर मदतीला शिरले होते, ते नाक फोडून वर आले. “दगड लागला मॅडम.” त्यांच्या गळ्यावर पाच बोटं उमटली होती. ती त्यांना दाखवली तेव्हा त्यांचं गोड बोलणं संपलं. कॅम्प बंद. बस परवा सकाळी येईल, तोवर काठाला कुणी जायचं नाही.

चुलीपाशी रतनबाईंना सगळं सांगितलं. मणी, मोजणी, ‘येते गं’. त्यांच्या हातातली भाकरी चुलीत पडली. म्हणाल्या, “आन् तू काय म्हनलीस?” ‘ये’ म्हटलं मी. त्यांनी कपाळाला हात लावला.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. “आमचं गाव हितंच हुतं, पान्याखाली. गाव उठलं त्या दिशी सामान गाडीत भरलं. माजी थोरली भन जानू, नऊ वर्साची. करडू ऱ्हायलं म्हनून मागं पळाली. म्हनली, येते गं. आई म्हनली, ये. पानी चढलं. कुटं आली? आई मरंस्तवर वाट बघत हुती. तवापास्नं आमच्यात ‘येते’ म्हनत न्हाईत. आन् काठावर कुनी ‘येते’ म्हनलं तर गप ऱ्हायचं. लय वर्सं ती इचारती. कुनी उत्तर देत न्हाई.”

मी दिलं. कुणी नाही ते मी दिलं!

मी विचारलं, आता काय करू? “तू बोलावलीस, तूच घालव. तोंडावर ‘जा’ म्हन. पन पोरी, नीट बघून म्हन. कुनाला म्हनतीस ते बघ. ‘जा’ लागतं मानसाला.”

९ मे, गुरुवार

हात उचलला. आधी तेच लिहिते.

सकाळी यशूभोवती पोरं जमली होती, तिच्या डोक्यावर कालचीच पिवळी टोपी. ही सांगत होती, तिला कुणाला मारायचं नाहीये, तिला आई पाहिजे, मध्ये जो येतो त्याला ती चावते. दोन पोरी भोकाड पसरून रडायला लागल्या. मी म्हटलं, तोंड बंद कर. ती म्हणाली, “तूच बोलावलंस तिला. मला कधी म्हणतेस का असं प्रेमानं, ये म्हणून?”

सणसणीत बसली. ओठ फुटला. सगळ्या पोरांसमोर. यशू रडली नाही. म्हणाली, “जाते मी.” आणि पायऱ्यांच्या दिशेनं पळाली. जन्मात ती ‘जाते’ म्हणाली नव्हती. मीच शिकवलं होतं ना, येते म्हणावं!

मी मागं धावले. पोचेपर्यंत ती खोल पाण्यात होती आणि एकटी नव्हती. दोन पिवळ्या टोप्या. दोघींची झोंबाझोंबी. एकमेकींचे केस, गळे, तोंडात बोटं, पाणी नुसतं लाल फेसाळलेलं. वरची खालचीला दाबत होती. दोन्ही हातांनी, सगळा भार देऊन दाबत होती, आणि खालचीचे हात वर येऊन तडफडत होते.

काठाच्या होडीतलं वल्हं ओढून घेतलं आणि पाण्यात शिरले. मी वरचीच्या डोक्यात घातलं. सगळ्या ताकदीनं घातलं. आवाज अजून कानात आहे – ओल्या नारळासारखा. ती वळली नाही. पुन्हा घातलं. “जा! जा! चालती हो! जा!” घसा फाटेपर्यंत. तिसऱ्या तडाख्याला तिचे हात सुटले. ती पाठमोरीच खाली गेली. पिवळी टोपी थोडा वेळ दिसली, मग तीही नाही.

खालचीला दंड धरून ओढलं. यशू! माझी यशू! काठावर पालथी घातली, पाठ थोपटली, ओंजळभर पाणी ओकली आणि तिनं डोळे उघडले. मी तिचे पाय धरले. आईनं पोरीचे पाय धरले, हो. पुन्हा कधी नाही, म्हटलं, पुन्हा कधीच नाही.

डोकी मोजली. दवाखान्यातला इर्शाद धरून बत्तीसच्या बत्तीस.

रतनबाई धावत आल्या. यशूच्या गालाला हात लावून कितीतरी वेळ बघत बसल्या. “अंग लय गार हाय,” एवढंच म्हणाल्या. मग मला, “नीट बघितलंस न्हवं?” मी चिडले. माझी पोर मला ओळखू येणार नाही?

१० मे, शुक्रवार

बस निघाली. पोरं आज ‘येतो’ म्हणाली नाहीत, मीच म्हणू दिलं नाही. रतनबाईंनी यशूला स्वतःच्या हातानं भाकरी भरवली. इतर वेळी भाकरी बघून नाक मुरडणारी पोर, चार घास घरच्यासारखे खाल्ले तिनं. रतनबाई पदर तोंडात कोंबून रडत होत्या. मीही रडले. चांगली बाई आहे, उगाच तऱ्हेवाईक म्हटलं.

नव्या दाताचा पत्ता नाही. झटापटीत पडला असणार. ओठ मात्र बरा झाला, साधी खूणही नाही. तेवढंच माझं पाप हलकं!

२६ मे, रविवार

सतरा दिवस झाले, हात उचलला नाही. उचलायची वेळच येत नाही. उलट बोलणं नाही, हट्ट नाही. दिवसभर पदराला धरून फिरते, मी न्हाणीघरात गेले तरी दाराशी बसून राहते. शेजारच्या नंदाबाई म्हणाल्या, कॅम्पनं पोर सुधारली की! सुधारली. ती मेली आठवण मात्र पाठ सोडत नाही, रोज ते वल्हं दिसतं.

आज विचारलं, मी शिकवलं होतं तसं का नाही केलंस? तिला खाली दाबून वर का नाही आलीस? तुला तर पहिल्या झटक्यात जमलं होतं.

तिनं माझा पदर आणखी घट्ट धरला.

१५ जून, शनिवार

शाळेचा पहिला दिवस. दारात थांबली, दप्तर पाठीला. मी म्हटलं, अगं, येते म्हण ना.

म्हणाली, “आता कशाला? आले न्हवं मी.”