हाक ऐकू आली होती

२१ जुलै २०१४, अर्जुनी
आजही प्रॅक्टिकल बुडालं. बस चुकली असं आईला सांगितलं. बस चुकली नव्हती, समोरून गेली. नेटवर टाकलेल्या कालच्या माझ्या कवितेच्या चार ओळींखाली लोकांनी खूप लिहिलं होतं, स्टँडवर उभी राहून एकेकाला उत्तर देत होते. त्या अकाउंटवर मी निशिगंधा. फोटोच्या जागी फूल. कुणी ताई म्हणतं, कुणी मॅडम. घरात प्रज्ञाला फक्त 'भांडे झाले का' विचारतात.
बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. उद्यापासून मोबाईल रोज संध्याकाळी अर्धा तास, बस्स.

२३ जुलै
पाळलं नाही.

२९ जुलै
दादाला नागपूरहून परत येऊन वर्ष झालं. इंजिनिअरिंग सुटलं ते सुटलंच. पुढच्या खोलीत कॉम्प्युटर, कानाला हेडफोन, गेम. ताटही तिथेच द्यावं लागतं. आज ताट ठेवताना म्हटलं, "दादा, बस कर ना आता."
मान न वळवता म्हणाला, "पैले तू बंद कर, मंग मी करतो."
दोघंही हसलो. त्याचा वरण-भात तसाच थंड झाला. मी माझ्या खोलीत जाऊन दार लावलं.

१० ऑगस्ट
काल दुपारी आई घरामागच्या अंगणात, सांदवाडीत पडली. शुगर एकदम उतरली होती. नळाच्या ओट्याच्या कडेवर डोकं आपटलं. शेजारच्या काकू दही मागायला आल्या म्हणून कळलं. दवाखान्यात नेलं, चार टाके. शुद्धीवर आहे, बोलते.
बाबा इटियाडोह धरणाच्या कालव्यावर ड्युटीला होते, तिथून तसेच आले. एकच विचारलं, "दोघंही घरी होते ना?"
दादा रडला. "बाबा, कानात हेडफोन होता. खरंच नाई आलं ऐकू."
मी म्हणाले, मी झोपले होते.

१२ ऑगस्ट
इथे तरी खरं लिहावं. झोपले नव्हते. आईने हाक मारली होती, "प्रज्ञा, पाणी दे वं." स्पष्ट ऐकू आली. एकाला उत्तर अर्धं लिहून झालं होतं. मनात म्हटलं, दोन मिनिटं. मग दुसरी हाक आलीच नाही, म्हणून विसरले.
दादाने ऐकलं नव्हतं. मी ऐकलं होतं.

१५ ऑगस्ट
काकूंनीच सांगितलं असणार की पोरगी जागी होती, मोबाईल घेऊन बसली होती. बाबांनी मोबाईल मागितला. दिला. आलमारीत ठेवून कुलूप लावलं.
मामा आले होते. दादाबद्दल म्हणाले, "पोराले आजार झाला हाये, गोंदियाले डॉक्टर आहे डोक्याचा, दाखवून द्या." माझ्याबद्दल आवाज खाली घेऊन, "अन् हिचं पाहून टाका आता. कोनाशी बोलते काय माहीत."
कुणाशीच तसं बोलत नाही. पण ते कसं सांगू? निशिगंधाबद्दल सांगितलं तर अजूनच…

१९ ऑगस्ट
मांडीवर मोबाईल थरथरल्यासारखा वाटतो. हात जातो. काहीच नसतं. आज आईच्या टाक्यांना मलम लावताना मनात नवीन ओळी आल्या आणि पहिला विचार हा की कुठे टाकू. स्वतःची किळस आली.

२० ऑगस्ट
दादा आंघोळीला गेला तेव्हा त्याचा मोबाईल उचलला. सात मिनिटं. शेवटचं पान पाहते आणि ठेवते, असं करत करत नळाचा आवाज थांबला. त्याने पाहिलं. कुणालाही सांगितलं नाही.

२ सप्टेंबर
दादाला घेऊन गोंदियाला. बाबांना रजा नाही, आईला प्रवास नको, म्हणून मी सोबत. डॉक्टर हिंदी बोलतात. दादाला विचारत होते, "रोकने की कोशिश की? झूठ बोला घरवालों से? काम छूटा?" दादा "हो" म्हणत होता. मीही मनात प्रत्येकाला हो म्हणत होते. एकही प्रश्न सुटला नाही.
मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "अच्छा किया भाई को ले आई. लड़के ही आते हैं हमारे पास. लड़कियों को कोई लाता नहीं."
तोंड उघडलं होतं. "सर…" म्हटलं. त्यांनी चिठ्ठी माझ्या हातात दिली, "ये गोली खाने के बाद."
गाडीत दादा खिडकीतून बाहेर पाहत म्हणाला, "तू काऊन नाई सांगितलं?"
"काय?"
"तुझं."
सौंदड स्टेशन येईपर्यंत मी त्याची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

१२ ऑक्टोबर
पाहुणे येऊन गेले. साकोलीचा मुलगा, अमोल, पंचायत समितीत क्लार्क. चांगला वाटला. पसंती आली. दादा आता सकाळी बाबांसोबत फिरायला जातो, गेम दोन तास. सगळे त्याचं कौतुक करतात. मी दोन महिने मोबाईलशिवाय राहिले, त्याचं कौतुक नाही. बरोबरच आहे, मी राहिले नाही, मला ठेवलं.
परीक्षेचं काय, विचारलं. आई म्हणाली, "लग्नानंतर देशील."

१६ नोव्हेंबर
साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. बुद्धवंदना झाल्यावर अमोलच्या बहिणीने ओटीत डबा ठेवला. नवा स्मार्टफोन, नेट पॅक मारलेला. "आमच्या दादाशी बोलायला," म्हणाली. सगळे हसले. मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "घे वं. नवऱ्यासंग बोलाले चालते."
नको म्हणायला हवं होतं. आनंद झाला, हे पण लिहिते.

१९ नोव्हेंबर
निशिगंधा परत आली. 'ताई, कुठे होतात?' किती जणांनी विचारलं. दारही लावावं लागत नाही आता. फोन हातात दिसला की आई हसून बाजूला होते. तिला वाटतं, अमोल.

२७ नोव्हेंबर
अमोलचे तीन कॉल घेतले नाहीत. दूध उतू गेलं. आईने आतून आवाज दिला आणि माझ्या तोंडून निघालं, "दोन मिनिटं." तेच शब्द. उठले, पळत गेले. तिला फक्त सुई ओवून हवी होती.

१ डिसेंबर
आज दुपारी अमोलचा कॉल घेतला. त्याने विचारलं, "तू बोलत काऊन नाही? मी आवडलो नाही का?"
सांगून टाकलं. अकाउंट, प्रॅक्टिकल, आईची हाक, सगळं. म्हटलं, "दादासारखंच आहे माझं. औषध त्याला मिळालं. तुम्ही दिलेला फोन परत घ्या, माझ्याच्यानं होत नाही."
पलीकडे कुणीतरी ऑफिसात हसत होतं.
मग म्हणाला, "हे लग्नाच्या आधी काऊन सांगून राहिली?"
"नंतर कुणी ऐकणार नाही म्हणून."
"बरं. उद्या घरी बोलतो."
काय बोलणार, ते विचारलं नाही. फोन ठेवला. म्हणजे कॉल संपवला. फोन अजून हातातच आहे.