ओवाळून टाकलेले दोन भाग

सोमवार, ४ मार्च
पाय प्लास्टरमध्ये. अकरा वर्षं लिफ्ट दुरुस्त करतेय आणि पडले कुठून, तर लिफ्टच्या खड्ड्यात उतरायच्या चार पायऱ्यांच्या शिडीवरून! तीन आठवडे घरी. नवरा औषधं, बाटली, रिमोट हाताशी ठेवून कामावर गेला. निमूट पडून राहा म्हणाला.

मंगळवार, ५ मार्च
कपाटातून 'वाटाड्या'चा खोका काढला. सातही भाग. मी आणि दादा या व्हिडिओ गेमवरच वाढलो. पाच भाग तोंडपाठ. तिसरा आणि सहावा मात्र जगाने ओवाळून टाकलेले — आणि नावं ठेवण्यात मी जगाच्या दोन पावलं पुढे. तिसरा तासाभरात बंद केला होता, सहावा वीस मिनिटांत. मग दादाला फोन करून सहाव्याला यथेच्छ सोलून काढलं होतं. तो नुसता हं हं करत होता.
ठरवलं. दोन्ही शेवटपर्यंत खेळायचे. मध्येच सोडायचं नाही.

गुरुवार, ७ मार्च
तिसरा. तलवार नाही, शत्रू नाही. खेळातली बाई नुसती चालतेय. दोनदा डुलकी लागली.

शुक्रवार, ८ मार्च
आज समुद्र मागे हटला. सावकाश, चांगला अर्धा तास घेऊन. आणि खालून गाव वर आलं — जिने, विहीर, दारांच्या कड्या. प्रत्येक दार उघडतं. प्रत्येक घरात कुणाचं तरी अर्धवट राहिलेलं काम. एका खिडकीत शर्ट, बटण अर्धंच शिवलेलं, सुई तशीच टोचलेली.
शत्रू का ठेवले नाहीत ते कळलं. इथे हात उगारायचा कुणावर?
चहा गार झाला. तसाच प्यायले.

शनिवार, ९ मार्च
संपला. नवऱ्याला सांगायला बसले. गाव होतं, म्हटलं. तो म्हणाला, मग? मग काही नाही. गाव होतं.

बुधवार, १३ मार्च
सहावा. यात बर्फाने वाटाड्याची दृष्टी गेलीय. पडदा जवळजवळ कोरा पांढरा, चालायचं ते कानाने. "वाळत घातलेली चादर बघत बसायचं" — हे माझंच वाक्य. मित्रमंडळीत फार चाललं होतं तेव्हा.
सात वेळा दरीत कोसळले. आठव्यांदा डोळे मिटून घेतले.
कडक बर्फ पायाखाली करकरतो. पोकळ बर्फ नुसता उसासतो. मग गोठलेली नदी — आतलं पाणी आधी डाव्या कानात, मग उजव्या, मग थेट तळपायाखाली. मी प्लास्टरचा पाय उचलून धरला! मोटरच्या आवाजावरून बेअरिंग गेलंय की नाही ते ओळखते मी, ऐकण्यावरच पोट आहे माझं. तरी असं कधी ऐकलं नव्हतं. बराच वेळ नदीवर उभीच राहिले. पुढे जाववेना.

शनिवार, १६ मार्च
दादाला फोन केला. तो कुठल्याशा स्टुडिओत आवाजाचं काम करतो, जाहिराती वगैरे — म्हणून हे त्यालाच सांगावंसं वाटलं. नदीबद्दल वीस मिनिटं बोलत सुटले. आपण तेव्हा चुकलो म्हटलं, मग नीट म्हटलं — मी चुकले.
"शेवटी काम करणाऱ्यांची नावं येतात," तो म्हणाला, "ती न वाचता बंद करू नकोस."

रविवार, १७ मार्च
संपला. नावं वाचत बसले. शेकडो, मुंगीएवढ्या अक्षरात. बरीच खाली गेल्यावर 'बर्फ आणि नदी, ध्वनी'. पुढे एकच माणूस.
थांबवून वाचलं. पुन्हा वाचलं. दादाचं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट.